खेळत्या मुलांचे दांत

मराठी भाषेंत दांतांवर जितके वाक्प्रचार आहेत तितके शरीराच्या दुसऱ्या एखाद्या अवयवावर क्वचितच असतील. माणूस रागावला म्हणजे दांतओंठ खातो. थंडीनें त्याचे दांतावर दांत वाजतात. हातांत पैसा नसला म्हणजे दांतावर मारायला पै नाहीं असें तो म्हणतो. आणि वादांत प्रतिपक्षाचा पुरता मोड झाला म्हणजे त्याचे दांत त्याच्याच घशांत गेले असें लोक म्हणतात. यांपैकीं हा शेवटचा प्रकार केवळ अलंकारिक नाहीं. खेळाच्या मैदानावर तो अक्षरशः घडूं शकतो, आणि घडतोहि. “दांत आहेत तर चणे नाहींत, आणि चणे आहेत तर दांत नाहींत” ही म्हण पूर्वजांनीं म्हातारपणाकडे पाहून रचली असावी. परंतु ज्या मुलाचा पुढला दांत बाराव्या वर्षीं हॉकीच्या काठीनें पडतो, त्याच्या वांट्यास या म्हणीचा उत्तरार्ध चणे खाण्याच्या ऐन उमेदींतच येतो. त्याला तेथून पुढें साठ-सत्तर वर्षें काढावयाचीं असतात.

ही हानि बरीचशी टाळतां येण्याजोगी आहे, आणि ती टाळण्याचें साधन एखाद्या लिंबाच्या फोडीएवढें लहान आहे. इंग्रजींत त्यास माउथगार्ड म्हणतात. मुष्टियोद्ध्यांच्या तोंडीं गमशील्ड हा शब्द अधिक रुळलेला आहे. डोक्याच्या शिरस्त्राणावरून मराठींत त्यास दंतत्राण म्हणावयास कांहींच हरकत नाहीं.

प्रथम दांताची योग्यता काय, तें पाहिलें पाहिजे. मनुष्यास निसर्ग दांत दोनदां देतो. सहाव्या महिन्याच्या सुमारास दुधाचे दांत दिसूं लागतात, आणि सहाव्या वर्षाच्या सुमारास ते पडून त्यांच्या जागीं कायमचे दांत येऊं लागतात. वरच्या जबड्यांतील मधले दोन पटाशीचे दांत साधारणपणें सातव्या-आठव्या वर्षीं बाहेर येतात. त्यानंतर तिसरी संधि नाहीं. हाताचें हाड मोडलें तर तें कांहीं आठवड्यांत सांधतें. गुडघा फुटला तर नवी कातडी धरते. परंतु दांताची गोष्ट निराळी आहे. दांतावरचें एनॅमलचें कवच हें मानवी शरीरांतील सर्वांत कठीण द्रव्य होय. तथापि ज्या पेशी तें कवच घडवितात, त्या दांत बाहेर पडतेवेळींच नाहींशा झालेल्या असतात. कारागीर काम संपवून निघून गेलेला असतो; मागाहून कोपरा उडाला तर तो बसवावयास परत कोणी येत नाहीं.

सबंध दांत गेला तर अडचण आणखी वाढते. आजकाल जबड्याच्या हाडांत धातूचें कृत्रिम मूळ बसवून त्यावर दांत चढवितात, हें पुष्कळांस ठाऊक आहे, आणि म्हणून “गेला तर नवा बसवूं” असें सहजपणें बोललें जातें. परंतु वाढत्या मुलाच्या जबड्यांत असें मूळ बसवीत नाहींत. शेजारचे खरे दांत जबड्याच्या वाढीबरोबर सरकतात. कृत्रिम मूळ मात्र हाडांत जेथल्या तेथें रुतून राहतें, आणि कांहीं वर्षांत तो दांत आंखूड दिसूं लागतो. म्हणून जबड्याची वाढ पुरी होईपर्यंत थांबावें लागतें. मध्यंतरीं त्या रिकाम्या जागेचें हाड झिजत जातें, शेजारचे दांत त्या बाजूस कलूं लागतात, आणि मुलास काढतां-घालतां येणारा तात्पुरता दांत संभाळीत शाळा व महाविद्यालय यांचीं वर्षें काढावीं लागतात. ज्या वयांत चार लोकांत हंसतांना तोंडावर हात न्यावा लागूं नये, नेमक्या त्याच वयांत तो न्यावा लागतो. दंतवैद्याचें बिल वहींत मांडतां येतें. हें दुसरें नुकसान मांडावयास रकाना नसतो.

खेळांत कोणत्या दांतांना इजा होते, याविषयीं फारसा मतभेद नाहीं. वरचे मधले दोन दांत चेहऱ्याच्या आघाडीवर असल्यामुळें पहिला घाव तेच सोसतात. ज्या मुलांचे वरचे दांत पुढें आलेले असतात, आणि ज्यांचे ओंठ सहज मिटत नाहींत, त्यांना धोका अधिक असतो. वरचे दांत खालच्या दांतांच्या ३ मिलिमीटरांहून जास्त पुढें असले तर इजेचा संभव सुमारें दुप्पट होतो, असें अनेक पाहण्या एकत्र करून काढलेलें अनुमान आहे. म्हणजे ज्या मुलाच्या दांतांना तारा लावण्याचा बेत घरांत चालला असेल, त्याच मुलाला या संरक्षणाची गरज सर्वांत जास्त असते.

घाव दोन रीतींनीं बसतो. एक समोरून: चेंडू, काठी, कोपर, गुडघा किंवा दुसऱ्याचें डोकें तोंडावर आदळतें. दुसरा खालून: हनुवटीवर आघात होतो, खालचा जबडा वरच्या जबड्यावर आपटतो, आणि दाढांचे कंगोरे उडतात, जीभ दांतांखालीं सांपडते किंवा जबड्याच्या सांध्यास दुखापत होते. मुष्टियुद्ध, रग्बी व हॉकी हे खेळ उघड धोक्याचे आहेतच. परंतु बास्केटबॉलमध्यें चेंडू पकडण्यासाठीं एकाच वेळीं उडी घेणाऱ्या मुलांचीं कोपरें, फुटबॉलमध्यें एकाच चेंडूवर झेपावलेलीं दोन डोकीं, खडबडीत मैदानावर अकस्मात् उसळलेला सीझन बॉल, खोखोंत खांबावर सूर मारतांना चुकलेला अंदाज, आणि कबड्डींत पकड होतांना एकमेकांवर कोसळणारे चार-पांच गडी, हीं दृश्यें महाराष्ट्रांतील कोणत्याहि मैदानावर रोज दिसणारीं आहेत. यांपैकीं बहुतेक खेळांत तोंडाच्या रक्षणाचा विचारहि कोणाच्या मनांत येत नाहीं.

दंतत्राणाचा इतिहास लंडनमध्यें सुरू होतो. तेथें इ. स. १८९० मध्यें वूल्फ क्राउस नांवाचा दंतवैद्य मुष्टियोद्ध्यांच्या वरच्या दांतांवर गटापर्च्याच्या पट्ट्या बसवूं लागला. गटापर्चा म्हणजे मलायाकडील झाडांचा घट्ट झालेला चीक. समुद्राखालून जाणाऱ्या तारायंत्राच्या तारांना वेष्टण म्हणून त्या काळीं त्याचा मोठा उपयोग होता, आणि दांताच्या मुळाची पोकळी भरण्यासाठीं दंतवैद्य तो आजहि वापरतात. क्राउसचा मूळ हेतु मात्र दांत वांचविण्याचा नव्हता. ठोसा बसला म्हणजे योद्ध्याचा ओंठ त्याच्याच दांतांवर चिरडून फाटत असे, तो फाटूं नये एवढाच हेतु होता. पुढें त्याचा मुलगा फिलिप, जो स्वतः दंतवैद्य व हौशी मुष्टियोद्धा होता, त्यानें पुन्हां पुन्हां वापरतां येईल असें साधन तयार केलें. आणि त्याचा शाळेंतील मित्र टेड ‘किड’ लुइस यानें तें व्यावसायिक लढतींत वापरण्यास आरंभ केला.

येथून पुढें जें घडलें, तें आजच्या पालकांनीं लक्ष देऊन ऐकण्यासारखें आहे. नव्या साधनाचें स्वागत झालें नाहीं. त्यावर हरकत घेण्यांत आली. १९२१ सालीं लुइसची अमेरिकन योद्धा जॅक ब्रिटन याच्याशीं लढत झाली, तेव्हां ब्रिटनच्या व्यवस्थापकानें लुइसच्या तोंडांतील वस्तु नियमबाह्य आहे अशी तक्रार केली. ज्या वस्तूनें प्रतिपक्षाला तसूभरहि इजा होत नाहीं, जी केवळ स्वतःचा ओंठ व दांत राखते, ती गैर ठरवावी असें जाणत्या लोकांना वाटलें! हें मत बदलावयास एक उघड नुकसान व्हावें लागलें. १९२७ मध्यें माइक मॅकटीग व जॅक शार्की यांची लढत चालू होती. मॅकटीगची बाजू वरचढ होती. परंतु त्याचा एक दांत तुटला, त्या तुटक्या कडेनें त्याचा ओंठ आंतून कापला गेला, रक्त थांबेना, आणि त्याला सामना सोडावा लागला. जिंकत आलेला योद्धा प्रतिपक्षाच्या ठोशानें नव्हे, तर स्वतःच्या दांतानें हरला. त्यानंतर मुष्टियुद्धांत दंतत्राणास कोणी विरोध केला नाहीं. हौशी मुष्टियुद्धांत तर तें सक्तीचें झालें, आणि तांबडें दंतत्राण वापरूं नये इतका बारकावाहि नियमांत आला.

दुसऱ्या महायुद्धानंतर हें साधन अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर आलें. १९४७ मध्यें लॉस एंजिलिसच्या रॉडनी लिलिक्विस्ट या दंतवैद्यानें पारदर्शक ॲक्रिलिकचें, तोंडांत न दिसणारें दंतत्राण तयार केलें. १९६० मध्यें अमेरिकन दंतवैद्यांच्या संघटनेनें धक्काबुक्कीच्या सर्व खेळांसाठीं दंतत्राणाची शिफारस केली, आणि १९६२ पासून तेथील माध्यमिक शाळांच्या फुटबॉलमध्यें तें प्रत्येक मुलास बंधनकारक झालें. सुरुवात व्यावसायिक मल्लांपासून झाली खरी. परंतु सक्तीचा नियम शाळकरी मुलांसाठीं झाला, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

अशा नियमानें खरोखर किती फरक पडतो, याचें सर्वांत स्पष्ट उत्तर न्यूझीलंडनें दिलें आहे. रग्बी हा त्या देशाचा जीव कीं प्राण. तेथें अपघाताच्या उपचाराचा खर्च देणारी सरकारी संस्था आहे, आणि त्यामुळें खेळांत दांत दुखावला तरी त्याची मागणी त्या संस्थेकडे नोंदविली जाते. इतर देशांत ज्या गोष्टीचा केवळ अंदाज करावा लागतो, त्या गोष्टीचा तेथें हिशेब आहे. १९९३ मध्यें, म्हणजे सक्ती नसतांना, खेळाडूंनीं स्वतः दिलेल्या माहितीप्रमाणें त्यांच्या खेळाच्या शंभर आठवड्यांपैकीं ६७ आठवड्यांत दंतत्राणाचा वापर होत असे. १९९७ व १९९८ या दोन वर्षांत देशांतर्गत सामन्यांत तें सक्तीचें करण्यांत आलें. २००३ मध्यें हेंच प्रमाण शेंकडा ९३ वर गेलें. आणि दांतांच्या इजांबद्दल येणाऱ्या मागण्या १९९५ च्या मानानें २००३ पर्यंत शेंकडा ४३ नीं घटल्या. खेळ तोच होता, मैदानें तींच होतीं, गड्यांचा जोरहि कमी झालेला नव्हता. निरनिराळ्या देशांतील व निरनिराळ्या खेळांतील पाहण्या एकत्र करून २००७ मध्यें प्रसिद्ध झालेला निष्कर्षहि याच दिशेचा आहे: दंतत्राण न वापरणाऱ्याला तोंडाच्या इजेचा धोका वापरणाऱ्याच्या १.६ ते १.९ पट असतो.

या आंकड्यांत एक मर्म दडलेलें आहे. सक्तीपूर्वींहि तेथील खेळाडूंना दंतत्राण माहीत होतें, आणि बहुसंख्य ते वापरीत होते. माहितीची उणीव नव्हती. उणीव होती ती रिवाजाची. बारा-चौदा वर्षांच्या मुलाला दांताची किंमत पटवून देतां येते. परंतु संघांतील दहा मुलें रिकाम्या तोंडानें उतरलीं असतां अकराव्यानें एकट्यानें तोंडांत रबरासारखी पट्टी घालून उभें राहावें, ही अपेक्षा त्या वयाकडून करणें अन्यायाचें आहे. मित्र हंसतील, भित्रा म्हणतील, ही भीति त्याला दांत पडण्याच्या भीतीपेक्षां मोठी वाटते. सर्वांनीं घातलें म्हणजे हंसणारा कोणी उरत नाहीं. शिरस्त्राणाची हीच कथा आहे. १९६२ मध्यें बार्बाडोस येथें नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्याला चेंडू लागून कवटी फुटली, ते मृत्यूच्या दारांतून परत आले, आणि त्यांना पुन्हां कसोटी सामना खेळतां आला नाहीं. तरीहि पुढें पंधरा वर्षें फलंदाज उघड्या डोक्यानेंच खेळत राहिले. सत्तरीच्या अखेरीस हेल्मेट दिसूं लागलें, तेव्हां त्याचीहि थट्टा झाली. आज शाळकरी फलंदाज हेल्मेटवांचून वेगवान गोलंदाजीपुढें उभा राहिला तर लोक त्याला शूर म्हणत नाहींत. त्याच्या शिक्षकाला बेजबाबदार म्हणतात.

शौर्याचा प्रश्न निघालाच आहे, तर ध्यानचंद यांची आठवण झाल्यावांचून राहात नाहीं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमधील हॉकीच्या अंतिम सामन्यांत जर्मन गोलरक्षकाशीं टक्कर होऊन त्यांचा दांत पडला, उपचार घेऊन ते पुन्हां मैदानांत उतरले, आणि हिंदुस्थानानें तो सामना ८–१ असा जिंकला, ही हकीकत घरोघर सांगितली जाते. ती सांगावीहि. परंतु तींतून मुलांनीं काय शिकावें? शौर्य परत मैदानांत उतरण्यांत होतें. दांत पडण्यांत नव्हतें. त्या काळीं हॉकीपटूंच्या तोंडांत असें साधन नसे. आजच्या हॉकीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत मात्र नडगी, घोटा व तोंड यांना संरक्षण असावें अशी शिफारस केलेली आहे. हिंमतीला दंतत्राणाची आडकाठी होत नाहीं. उलट तोंड सुरक्षित आहे हें ठाऊक असलेला मुलगा चेंडूवर अधिक निर्धास्तपणें जातो.

आतां हें साधन काम कसें करतें? वरच्या दांतांवर व हिरडीच्या कांहीं भागावर तें टोपीसारखें बसतें. घाव आला म्हणजे तो एकाच दांतावर न पडतां सबंध पंक्तींत वांटला जातो, आणि त्याचा बराचसा जोर मऊ पदार्थांत जिरतो. ओंठ व गाल दांतांच्या धारेपासून दूर राहतात. वरच्या व खालच्या दाढांमध्यें गादी असल्यामुळें हनुवटीवरचा आघातहि सौम्य होतो. ज्यांचा खालचा जबडा पुढें आलेला असतो त्यांच्यासाठीं तें क्वचित् खालच्या दांतांवर बसवितात.

बाजारांत तीन प्रकार मिळतात. पहिला तयार मापाचा. तो स्वस्त असतो. परंतु कोणाच्याच तोंडाला नीट बसत नाहीं, आणि जागेवर ठेवण्यासाठीं दांत आवळून धरावे लागतात. दुसरा गरम पाण्यांत मऊ करून तोंडांत चावून बसविण्याचा. खेळाच्या सामानाच्या दुकानांत हाच बहुधा मिळतो, आणि त्याची किंमत चांगल्या बुटांच्या जोडापेक्षां कमीच असते. सोबतच्या सूचनेप्रमाणें तो बसविला तर तो बऱ्यापैकीं काम देतो. मात्र मुलें तो बसवितांना फार जोरानें चावतात, आणि जेथें जाडी हवी नेमका तेथेंच तो पातळ होतो. म्हणून हें काम घरांतील मोठ्या माणसाच्या देखरेखीखालीं व्हावें. तिसरा प्रकार दंतवैद्याकडून करून घेण्याचा. तो दांतांचा ठसा घेतो, त्यावरून प्लास्टरचा जबडा ओततो, आणि एथिलीन व्हिनाइल ॲसिटेट या लवचिक पदार्थाची तापविलेली चादर त्यावर दाबून बसवितो. चपलांचे मऊ तळवे ज्या पदार्थाचे करतात तोच हा पदार्थ. पुढच्या दांतांसमोर त्याची जाडी निदान ३ मिलिमीटर असावी असें तज्ज्ञ सांगतात. हा प्रकार महाग पडतो, पण तो तोंडांत घट्ट बसतो, आणि तोंड उघडलें तरी खालीं पडत नाहीं.

श्वास कोंडतो, बोलतां येत नाहीं, उमासे येतात, या तक्रारी नेहमीं ऐकूं येतात. त्या खोट्या नाहींत. परंतु त्या बहुधा सैल किंवा फार लांब दंतत्राणाच्या असतात. नीट बसलेल्या साधनाची जिभेला आठ-पंधरा दिवसांत संवय होते. कबड्डीचा खेळ या बाबतींत मोठा परीक्षक आहे. चढाईला गेलेल्या गड्याला एका दमांत “कबड्डी, कबड्डी” हा उच्चार स्पष्टपणें चालू ठेवावा लागतो. तो तुटला कीं चढाई फुकट. जुन्या हुतूतूंतहि दमाचा नियम हाच होता. अशा खेळांत सैल पट्टी उपयोगाची नाहीं. ठशावरून केलेलें दंतत्राणच हवें, आणि तें घालून सराव आधीं व्हावयास हवा. सामन्याच्या दिवशीं तें प्रथमच तोंडांत घालणें म्हणजे नवे बूट घालून शर्यतींत धांवण्यासारखें आहे.

या साधनाची मर्यादाहि सांगितली पाहिजे; कारण खोट्या भरंवशासारखा शत्रु नाहीं. दंतत्राण दांतांचें रक्षण करतें. मेंदूचें रक्षण करतें असें छातीठोकपणें सांगतां येत नाहीं. डोक्याला हादरा बसून येणारी मूर्च्छा किंवा भ्रम यापासून तें वांचवितें काय, याबद्दलच्या पाहण्यांचे निष्कर्ष खेळागणिक वेगवेगळे आहेत. २०२४ च्या जानेवारीपासून वरच्या दर्जाच्या रग्बींत संवेदक बसविलेलीं दंतत्राणें वापरण्यांत येऊं लागलीं. त्यांतील यंत्र डोक्याला बसलेल्या हादऱ्याचें माप मैदानाबाहेरील डॉक्टरकडे पाठवितें. पण माप घेणें निराळें आणि हादरा अडविणें निराळें. म्हणून तोंडांत दंतत्राण आहे या भरंवशावर, डोकें आपटलेल्या मुलास पुन्हां खेळावयास पाठविणें हा अपराध होय.

निगा साधी आहे. खेळून झाल्यावर तें थंड पाण्यानें धुवावें, ब्रशानें हलकेंच घांसावें, आणि भोकें असलेल्या डबींत ठेवावें. गरम पाण्यानें किंवा उन्हांत राहिल्यानें त्याचा आकार बिघडतो. मुलें तें चघळतात, त्यामुळें त्याच्या कडा फाटतात. फाटलेलें टाकून द्यावें. एकाचें दुसऱ्यानें कधींहि घालूं नये. वाढत्या वयांत दांत व जबडा बदलत असल्यामुळें प्रत्येक हंगामाच्या आरंभीं तें नीट बसतें कीं नाहीं हें पाहावें. दांतांना तारा असल्या तर दंतवैद्याला विचारल्याशिवाय घरीं बसविण्याचा प्रकार वापरूं नये. पालक मुलाच्या पायाला बूट लहान झाला हें एका दृष्टिक्षेपांत ओळखतात. तोंडांतील माप मात्र कोणी पाहात नाहीं.

इतकी काळजी घेऊनहि एखादे वेळीं दांत मुळासकट निखळतो, आणि मग सारें कांहीं पहिल्या काहीं मिनिटांवर अवलंबून असतें. मुलगा शुद्धीवर आहे कीं नाहीं, डोक्याला मार आहे काय, हें प्रथम पाहावें. तसें असेल तर डॉक्टर आधीं, दांत मागाहून. तसें नसेल तर दांत शोधावा आणि तो वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलावा. मुळाला बोट लावूं नये. मुळावर अगदीं नाजूक तंतूंचें आवरण असतें, आणि त्यांतील पेशी जिवंत असल्या तरच दांत पुन्हां धरतो. माती लागली असेल तर थंड पाण्याच्या धारेखालीं क्षणभर धरावा, परंतु घांसूं नये. कायमचा दांत असेल तर तो लगेच त्याच्या खांचेंत सरळ बसवावा, मुलाला स्वच्छ रुमाल हलकेंच चावून धरावयास सांगावें, आणि तडक दंतवैद्याकडे जावें. बसवितां आला नाहीं तर तो थंड दुधांत घालून न्यावा. कागदांत किंवा खिशांत कोरडा ठेवूं नये, आणि पाण्यांतहि बुडवून ठेवूं नये. साध्या पाण्यांत त्या पेशी फुगून मरतात. सुमारें तासभर दांत कोरडा राहिला तर त्या पेशी वांचण्याची आशा जवळजवळ संपते. दुधाचा दांत पडला असेल तर मात्र तो पुन्हां बसवूं नये, कारण त्यानें खालच्या कायमच्या दांताला अपाय होतो.

दुधासाठीं लांब जावें लागत नाहीं. या देशांत असें मैदान विरळा, ज्याच्या शेजारीं चहाची टपरी नाहीं. आणि जेथें चहा आहे तेथें दुधाची पिशवी आहेच. ही एक गोष्ट शाळेच्या क्रीडाशिक्षकाला, शिपायाला आणि संघाच्या कर्णधाराला माहीत असली, तरी वर्षाकाठीं कितीतरी दांत परत आपल्या जागीं जातील.

शेवटीं हें काम कोणाचें? घरानें एकट्यानें तें करावें म्हटलें, तर तें पुन्हां त्या एकट्या, लाजणाऱ्या मुलावर येऊन पडतें. आई-वडिलांनीं आपल्या मुलासाठीं दंतत्राण विकत घ्यावेंच. परंतु त्याबरोबर दुसरेंहि एक काम करावें. शाळेच्या पालकसभेंत परीक्षा, फी व गणवेश यांवर तासन् तास चर्चा होते. त्यांतील पांच मिनिटें मागून घेऊन, शाळेच्या हॉकी, फुटबॉल, बास्केटबॉल व कबड्डी या संघांना सरावांत व सामन्यांत दंतत्राण असलेंच पाहिजे, असा नियम शाळेनें करावा, अशी मागणी करावी. सराव हा शब्द विसरूं नये. मुलें सामन्यांपेक्षां सरावांतच अधिक तास घालवितात. ज्यांना खर्च झेपणार नाहीं त्यांच्यासाठीं शाळेच्या क्रीडानिधींतून तजवीज व्हावी. चषक व ढाली यांच्या खर्चांत ती सहज बसेल. गांवांतील एखादा दंतवैद्य वर्षांतून एक दिवस शाळेंत येऊन मुलांच्या दांतांचे ठसे घेईल, तर त्याच्या विद्येचें सार्थक होईल.

मुलांनीं मैदानावर भरपूर खेळावें, पडावें, खरचटावें. गुडघ्यावरच्या व्रणांना कोणी मोजत नाहीं; ते आपोआप भरून येतात. जें आपोआप भरून येत नाहीं, तेवढेंच झांकावयाचें आहे. खेळाच्या पिशवींत बूट, मोजे व पाण्याची बाटली यांच्या शेजारीं ती लहानशी डबी दिसूं लागली, आणि ती विसरलेल्या मुलाला त्याच्या सोबत्यांनींच “डबी आणलीस का रे?” असें विचारलें, म्हणजे काम झालें असें समजावें.